सिग्नलच्या गुणवत्तेचा अंदाज

बिनतारी संदेशवहनात हाती आलेल्या सिग्नलमधून संदेश कितपत बिनचूक वाचता येईल, याचा रिसीव्हरनेच बांधलेला अंदाज. मोबाइलमध्ये हे काम हँडसेट अखंड करतो आणि डेटाचा वेग बराचसा त्यावरच ठरतो.

बोलण्यात आपण ‘रेंज आहे का?’ एवढेच विचारतो. रेंज म्हणजे ताकद. गुणवत्ता म्हणजे त्या ताकदीचे तिच्यात मिसळलेल्या उपद्रवाशी असलेले गुणोत्तर. उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावर एकाच फ्रिक्वेन्सीवरचे तीन-चार टॉवर सारख्याच जोराने ऐकू येतात. तिथे ताकद भरपूर असूनही नेट रखडते, कारण एका टॉवरचा सिग्नल हाच दुसऱ्याच्या वाटेतला अडथळा. शिवाय किती ताकदीला पडद्यावर किती कांड्या, याचे सर्वांना बंधनकारक मानक नाही. दोन कंपन्यांच्या फोनवरच्या कांड्यांची तुलना करू नये.

उपद्रवाचा एक भाग उष्णतेतून येणारी खरखर. ती अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या जॉन्सनने मोजली आणि तिथल्याच नायक्विस्टने तिचे गणित मांडले. दोघांचे लेख १९२८ चे. सामान्य तापमानाला ती दर हर्ट्झमागे उणे १७४ डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली ताकद) असते. फोर-जीच्या एलटीई पद्धतीत १५ किलोहर्ट्झच्या एका उपवाहकात, म्हणजे डेटा ज्या बारीक पट्ट्यांत वाटून पाठवतात त्यांतल्या एका पट्टीत, ती उणे १३२ भरते. आरएसआरपी हे ताकदीचे माप अशा एकेका उपवाहकापुरते असते, त्यामुळे उणे ११० असा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. दुसरा भाग, म्हणजे शेजारच्या टॉवरचा इंटरफिअरन्स, मात्र क्षणाक्षणाला बदलतो.

हौशी रेडिओचालक गुणवत्ता कानाने जोखून ‘५९’ असा शेरा देत आले आहेत: वाचनीयता ५ पैकी ५, जोर ९ पैकी ९. टू-जीत बिटांच्या चुकांवरून ० ते ७ अशी श्रेणी आली. ० म्हणजे चुका ०.२ टक्क्यांहून कमी.

एलटीईतली युक्ती सुंदर आहे. टॉवर डेटाच्या अधूनमधून, ठरलेल्या जागी, हँडसेटला आधीच ठाऊक असलेली चिन्हे पाठवतो. त्यांना पायलट म्हणतात. काय पाठवले हे माहीत असल्याने काय बिघडले तेही कळते. लगतच्या पायलटांची सरासरी वाटेत सिग्नलचे काय झाले ते सांगते आणि सरासरीभोवतीचा विस्कळीतपणा उपद्रव किती ते सांगतो. यावरून हँडसेट ० ते १५ मधला सीक्यूआय हा गुणवत्तादर्शक आकडा टॉवरला कळवतो. डेटाचा तुकडा पहिल्या प्रयत्नात चुकण्याची शक्यता १० टक्क्यांपलीकडे जाणार नाही, असा डेटा पाठवण्याचा सर्वांत वेगवान पर्याय तो निवडतो. कोणताच झेपणार नसेल तर ०.

सरासरी जितकी लांब तितकी खरखर कमी, पण तोवर परिस्थितीच पालटते. १८०० मेगाहर्ट्झवर ताशी ६० किलोमीटरने धावणारी गाडी ५ मिलिसेकंदांत अर्धी तरंगलांबी, म्हणजे सुमारे ८ सेंटिमीटर, पुढे सरकते. तेवढ्यात सिग्नल चढलेला किंवा कोसळलेला असू शकतो. कळवलेला आकडा टॉवरपर्यंत पोचेतो शिळा होतो. म्हणून टॉवर त्यावर विसंबून राहत नाही. तुकडे पुन्हा पाठवण्याची वेळ वारंवार आली, तर तो कळवलेल्या गुणवत्तेतून थोडे वजा धरतो आणि सलग नीट पोचू लागले की हळूहळू परत वाढवतो.