पूरमैदानांतील नायट्रेटचे नैसर्गिक निर्मूलन

नदीच्या पुराचे पाणी जेथवर पसरते त्या गाळाच्या सखल पट्ट्यातून, म्हणजे पूरमैदानातून, वाहताना किंवा झिरपताना पाण्यातील नायट्रेटचे प्रमाण सूक्ष्मजीव, माती आणि वनस्पती यांच्या क्रियेमुळे घटते, या प्रक्रियेस नायट्रेटचे नैसर्गिक निर्मूलन म्हणतात. शेतातील नत्रखते, जनावरांचे मलमूत्र आणि सांडपाणी हे या प्रदूषणाचे मुख्य स्रोत होत. नायट्रेट पाण्यात सहज विरघळते. शिवाय त्यावर ऋण विद्युतभार असल्यामुळे मातीच्या बहुतांशी ऋणभारित कणांना ते चिकटून राहत नाही आणि पावसाच्या पाण्याबरोबर भूजलात व तेथून नदीत उतरते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी दर लिटरला 50 मिलिग्रॅम नायट्रेट ही मार्गदर्शक मर्यादा ठरविली आहे. तान्ह्या बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता अतिरिक्त नायट्रेटमुळे घटू शकते, हे तिचे प्रमुख कारण. समुद्रात पोहोचलेल्या नायट्रेटमुळे शैवाल माजते आणि ते कुजताना पाण्यातील ऑक्सिजन संपतो. मिसिसिपी नदीच्या मुखाबाहेर मेक्सिकोच्या आखातात दर उन्हाळ्यात तयार होणारा ऑक्सिजनहीन पट्टा हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

निर्मूलनाचा सर्वांत महत्त्वाचा मार्ग म्हणजे विनायट्रीकरण. ऑक्सिजन संपलेल्या जागी काही जीवाणू श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरतात आणि त्याचे क्रमाने नायट्राइट, नायट्रिक ऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड व शेवटी नायट्रोजन वायू यांत रूपांतर करतात. हा वायू हवेत निघून जातो, म्हणजे प्रदूषक पाण्यातून कायमचा बाहेर पडतो. अशा जीवाणूंचे शुद्ध संवर्ध (इतर जीवाणूंची भेसळ नसलेली, प्रयोगशाळेत वाढविलेली वाढ) फ्रान्समधील युलिस गेयाँ व गाब्रिएल द्युपेती यांनी 1886 मध्ये वेगळे केले. काठावरील झाडेही नायट्रेट शोषतात. मात्र पाने गळून कुजली की त्यातील बराच नायट्रोजन पुन्हा मातीत येतो, त्यामुळे वनस्पतींचा हा वाटा तात्पुरता मानावा लागतो. त्यांचे मोठे काम वेगळेच आहे: मुळे आणि पालापाचोळा यांतून जीवाणूंना कार्बनरूपी खाद्य मिळते.

विनायट्रीकरणासाठी नायट्रेट, सहज कुजणारे सेंद्रिय द्रव्य आणि ऑक्सिजनचा अभाव या तिन्ही गोष्टी एकाच जागी याव्या लागतात, आणि पूरमैदानात त्या वारंवार एकत्र येतात. तेथे खड्डा खणून पाहिल्यास वरच्या थरात गंजासारखे तांबूस ठिपके व खाली निळसर करडी, चिकट माती दिसते. ठिपके पाण्याची पातळी चढत-उतरत असल्याची, तर करडा रंग माती दीर्घकाळ ऑक्सिजनविना राहिल्याची खूण होय. मधल्या भागात गाडल्या गेलेल्या पानांचा काळा थर किंवा बुजलेल्या जुन्या पात्रातील सेंद्रिय गाळ सापडला, तर तेथे नायट्रेट काही सेंटिमीटरांच्या अंतरातही झपाट्याने घटू शकते. जमीन आलटून-पालटून ओली व कोरडी होणे हेही उपकारक ठरते, कारण कोरड्या काळात अमोनियमपासून नायट्रेट बनते आणि पूर आल्यावर त्याचेच विनायट्रीकरण होते.

तरीही पूरमैदान आहे एवढ्यावरून पाणी शुद्ध होईल असे गृहीत धरता येत नाही; पाणी कोणत्या वाटेने जाते आणि किती काळ थांबते यावर सारे अवलंबून असते. जमिनीखाली थोड्या खोलीवर अपार्य, म्हणजे पाणी झिरपू न देणारा, थर असल्यास भूजल मुळांच्या पट्ट्यातूनच सरकते. अमेरिकेतील मेरिलंड राज्यात 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शेतालगतच्या काठच्या जंगलात शिरणाऱ्या भूजलातील नायट्रेटची बहुतांश घट पहिल्या सुमारे 20 मीटरांतच झालेली आढळली. याउलट भूजल खोल रेती-गोट्यांच्या थरातून वाहत असेल, किंवा शेतातील भूमिगत निचरा-नळ्या थेट नदीत सोडलेल्या असतील, तर रुंद आणि दाट वृक्षपट्टाही फारसा उपयोगी पडत नाही. केवळ पट्ट्याची रुंदी मोजून धोरण ठरविण्याची पद्धत म्हणूनच अपुरी आहे.

पूरबांधांमुळे नदी व मैदान यांचा संबंध तुटला की ही क्षमता वाया जाते. डॅन्यूब नदीची पूर्वीची पूरमैदाने सुमारे चार-पंचमांश नष्ट झाली आहेत. व्हिएन्नाच्या पूर्वेकडील राष्ट्रीय उद्यानात तोडले गेलेले फाटे मुख्य पात्राशी पुन्हा जोडण्याची कामे झाली आहेत. अशा पुनर्जोडणीचे दुष्परिणामही लक्षात घ्यावे लागतात. माती आम्ल असल्यास, किंवा थोडा ऑक्सिजन शिल्लक राहिल्यास, प्रक्रिया नायट्रस ऑक्साइडपाशी अर्धवट थांबू शकते आणि हा वायू शंभर वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापमानवाढ घडवितो. पूर्वी खते घातलेली जमीन पुन्हा पाण्याखाली गेल्यास लोहाशी बांधलेला फॉस्फरसही मोकळा होतो.

प्रत्यक्ष मोजमाप अवघड असते, कारण हवेत मुळातच 78 टक्के नायट्रोजन असल्याने मातीतून निघालेली अल्प भर ओळखू येत नाही. त्यामुळे नायट्रोजन-15 या समस्थानिकाचा (नायट्रोजनच्याच किंचित जड अणूचा) आधार घेतात. जीवाणू हलका नायट्रोजन-14 अधिक वेगाने वापरत असल्याने उरलेल्या नायट्रेटमध्ये जड समस्थानिकाचे प्रमाण वाढत जाते. नायट्रेट घटताना ही वाढ दिसली तर विनायट्रीकरणाचा पुरावा मिळतो. न दिसल्यास स्वच्छ पाणी मिसळून नायट्रेट फक्त पातळ झाले असण्याची शक्यता तपासावी लागते.