परदेशी विद्यार्थी मराठवाड्यात शिकायला आला, तर कोणी कोणते कागद करायचे

छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात येमेनसारख्या देशांतली मुलंमुली वर्षानुवर्षं शिकायला येतात. बेगमपुरा, पहाडसिंगपुरा या भागात राहणाऱ्यांना हे काही नवीन नाही. तरीही परदेशी भाडेकरू म्हटलं की घरमालक बिचकतो आणि परदेशी विद्यार्थ्याची फाइल समोर आली की कॉलेजचा लिपिक ती बाजूला ठेवतो. यात विद्यार्थ्याचं नुकसान होतं, कारण परदेशी नागरिक म्हणून सरकारकडे त्याला जी नोंदणी करावी लागते, तिला लागणारे पहिले दोन कागद त्याच्या हातात नसतातच. एक घरमालक करतो, दुसरा कॉलेज. म्हणून ही माहिती विद्यार्थ्याइतकीच त्याला घर देणाऱ्या आणि प्रवेश देणाऱ्या आपल्या माणसांसाठी आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘बाहेरची पोरं आपल्या पोरांच्या जागा घेतात’ असं सर्रास बोललं जातं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार परदेशी विद्यार्थ्यांसाठी मंजूर संख्येच्या 25 टक्क्यांपर्यंत अधिसंख्य जागा, म्हणजे मंजूर प्रवेशसंख्येच्या वर वेगळ्या जागा, ठेवता येतात. स्थानिक मुलाची जागा त्यात कमी होत नाही.

नोंदणी कोणाला लागते

परदेशी पासपोर्ट असलेला आणि 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या स्टुडंट व्हिसावर आलेला विद्यार्थी भारतात पोहोचल्यापासून 14 दिवसांच्या आत नोंदणी करतो. पाकिस्तानी नागरिकांसाठी ही मुदत 24 तासांची आहे. नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना व्हिसाही लागत नाही आणि ही नोंदणीही नाही. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) असलेल्यांनाही ती करावी लागत नाही.

14 दिवस मोजायचे ते मुंबईला विमानतळावर शिक्का पडला त्या दिवसापासून. विद्यार्थी चार दिवस मुंबईत नातेवाइकांकडे थांबला, मग देवगिरीने किंवा जनशताब्दीने इकडे आला, मग हॉटेलात राहून खोली शोधली, तर निम्मी मुदत तिथेच संपते. उरलेल्या आठवड्यात घरमालक आणि कॉलेज यांनी हालचाल केली, तरच अर्ज वेळेत जातो.

1 सप्टेंबर 2025 पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, 2025 लागू झाला आणि 1920, 1939, 1946 व 2000 सालचे चार जुने कायदे रद्द झाले. परदेशी व्यक्तीला राहायला जागा देणारा आणि परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश देणारी संस्था, दोघांवरही माहिती देण्याची जबाबदारी या कायद्याने टाकली आहे.

घरमालकाचं काम

परदेशी भाडेकरू राहायला आला की 24 तासांच्या आत त्याची माहिती एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या केंद्र सरकारच्या कार्यालयाच्या, पोर्टलवर भरायची असते. लोक याला अजूनही सी-फॉर्मच म्हणतात. पोलीस ठाण्यात दिली जाणारी नेहमीची भाडेकरू माहिती वेगळी. ती दिली म्हणजे हे काम झालं असं नाही.

पोर्टलवर घरमालकाने स्वतःच्या नावाने खातं उघडायचं. ते मंजूर व्हायला वेळ जाऊ शकतो, म्हणून खोली द्यायची ठरली त्याच दिवशी हे करून ठेवावं. भाडेकरू दारात उभा राहिल्यावर धावपळ नको. मग फॉर्ममध्ये पासपोर्ट क्रमांक, व्हिसा क्रमांक, भारतात उतरल्याची तारीख, कुठून आला आणि किती दिवस राहणार एवढं भरायचं. हे मोफत आहे. पोचपावतीची एक प्रत विद्यार्थ्याला द्यायलाच हवी, कारण राहण्याच्या पुराव्यात तिचा उपयोग होतो.

भाडेकराराची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त ढिलाई इथेच होते. नोटरीचा शिक्का मारलेला कागद म्हणजे करार, असं आपण धरून चालतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे घरमालकाला सिद्ध करावं लागतं. म्हणजे नोंदणीत फायदा मालकाचाही आहे. आधारच्या बोटाच्या ठशावर चालणारी घरबसल्या नोंदणी नव्या परदेशी विद्यार्थ्याला जमत नसेल, तर दुय्यम निबंधक कार्यालयात समक्ष जावं. अनामत रक्कम किती आणि ती कधी परत मिळणार हे करारात अंकी आणि अक्षरी लिहावं. मराठी न वाचता येणाऱ्या मुलाकडून मराठी करारावर सही घेताना त्याला अटी समजावून सांगणं हे माणुसकीचं काम आहे, आणि ते टाळू नये.

कॉलेजचं काम

प्रवेश झाला की संस्था याच पोर्टलवर विद्यार्थ्याची माहिती भरते. याला एस-फॉर्म म्हणतात. ती भरल्यावर बोनाफाइड मिळतं. आधीच्या परदेशी शिक्षणाची समकक्षता, म्हणजे ते इथल्या शिक्षणाच्या बरोबरीचं असल्याचा दाखला, घ्यावी लागते. ते काम विद्यार्थ्याने मायदेशी असतानाच सुरू केलेलं बरं.

लिपिकाने सगळ्यात जपायचं ते नाव. आपल्याकडे आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव असा क्रम असतो. येमेनी किंवा सुदानी विद्यार्थ्याच्या पासपोर्टवर स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं आणि घराण्याचं अशी चार नावं ओळीने असू शकतात. आपल्या फॉर्ममधल्या तीन चौकटींत ती बसवताना एक नाव गळतं किंवा शेवटचं नाव उचलून पुढे टाकलं जातं. तेच मग ओळखपत्रावर, परीक्षा अर्जावर, गुणपत्रिकेवर आणि अखेर पदवीवर येतं. मायदेशी गेल्यावर पासपोर्ट आणि पदवी जुळत नाहीत, आणि दुरुस्तीसाठी त्याला हजारो किलोमीटरवरून इथल्या परीक्षा विभागात कुणाला तरी गाठावं लागतं. म्हणून पहिल्याच दिवशी पासपोर्ट समोर ठेवून, एकेक अक्षर पाहून, त्याच क्रमाने नाव लिहावं. अफगाण विद्यार्थ्याच्या शालेय कागदांवर सौर हिजरी सन असतो, त्यामुळे उत्तीर्ण झाल्याचं वर्ष वेगळंच वाटतं. तो कागद बनावट समजू नये, इसवी सनात रूपांतर केलेली साक्षांकित प्रत मागावी.

शहराच्या नावाचंही तेच. भाडेकरारावर छत्रपती संभाजीनगर, बोनाफाइडवर औरंगाबाद आणि अर्जात तिसरंच काही, असं झालं की शंका निघते. तिन्हीकडे एकच लिहा.

विद्यार्थ्याचा अर्ज

नोंदणीचा अर्ज ई-एफआरआरओ या पोर्टलवर ऑनलाइन होतो. 2018 पासून ही सोय आहे. पासपोर्टचं माहितीचं पान, व्हिसा, आगमनाचा शिक्का असलेलं पान, फोटो, बोनाफाइड आणि राहण्याचा पुरावा, म्हणजे भाडेकरार, सी-फॉर्मची पोच किंवा वसतिगृहाचं पत्र, एवढं स्कॅन करून ठेवावं. शिक्क्याचं पान बरेच जण विसरतात. शुल्क लागलं तर तेही ऑनलाइनच भरायचं. बहुतेक वेळा कार्यालयात जावं लागत नाही. बोलावलं तरच जायचं: संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्तालयाच्या, आणि नांदेड-परभणीसारख्या जिल्ह्यांत पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या परदेशी नागरिक नोंदणी शाखेत. अर्जात त्रुटी निघाली तर ई-मेल येतो. तो न पाहिल्याने अर्ज तसाच पडून राहतो, म्हणून रोज ई-मेल उघडायची सवय लावावी.

पत्ता बदलला, पासपोर्ट नवा आला किंवा व्हिसा वाढवायचा असेल, तर हेच पोर्टल. कॉलेज बदलायचं असेल तर आधी परवानगी, मग प्रवेश. व्हिसाची मुदत उलटून राहिल्यास नव्या कायद्यात 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 3 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे, तेव्हा परीक्षा लांबली किंवा प्रबंध रखडला तर मुदतवाढीचा अर्ज आधीच टाकावा. स्टुडंट व्हिसावर नोकरी करता येत नाही. ओळखीच्या दुकानदाराने दयेपोटी काम दिलं, तरी अडचणीत विद्यार्थीच येतो.

पैसा, दवाखाना, तक्रार

बँकेत परदेशी विद्यार्थ्याचं एनआरओ (अनिवासी व्यक्तीचं रुपयांतलं) खातं उघडतं. पासपोर्ट, व्हिसा आणि प्रवेशपत्र पुरतं. स्थानिक पत्त्याचा पुरावा 30 दिवसांत देता येतो. तोपर्यंत परदेशातून 1,000 डॉलरपर्यंतच रक्कम जमा होते आणि खात्यावर 50,000 रुपयांची मर्यादा असते. ‘आधार नाही म्हणून खातं नाही’ असं सांगून परत पाठवलं, तर शाखा व्यवस्थापकाला रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांतली ही तरतूद दाखवा. गेल्या 12 महिन्यांत 182 दिवस भारतात राहिलेल्या परदेशी व्यक्तीला आधारही मिळतं, ते व्हिसाच्या मुदतीपुरतं.

आयसीसीआरच्या (भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या) शिष्यवृत्तीवर आलेल्यांना दरमहा पदवीसाठी 18,000, पदव्युत्तरसाठी 20,000 आणि पीएच.डी.साठी 22,000 रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. त्यांच्यासाठी वर्षाला किमान 5 लाख रुपयांचा आरोग्य विमा आवश्यक आहे. स्वखर्चाने आलेल्यांनीही विमा काढावा. विम्याचं कार्ड आणि घरच्यांचा फोन नंबर खोलीतल्या मित्राकडे असू द्यावा, म्हणजे रात्री घाटीत, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयात, न्यायची वेळ आली तर केसपेपर काढणाऱ्याला सगळं माहीत असेल.

मनाच्या तक्रारींबद्दल ही मुलं सहसा बोलत नाहीत. मायदेशात युद्ध चालू असेल, घरून पैसे येणं थांबलं असेल, तर अभ्यासात लक्ष लागत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास, मोफत आहे आणि तिथे इंग्रजीतही बोलता येतं. रॅगिंगसाठी 1800-180-5522, तातडीच्या मदतीसाठी 112. शुल्क, निकाल किंवा अडवलेल्या कागदांबाबत यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज द्यावा. समितीने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. मुलींना लैंगिक छळाची तक्रार संस्थेच्या अंतर्गत समितीकडे 3 महिन्यांच्या आत करता येते.

पासपोर्ट हरवला तर क्रम असा: पोलीस ठाण्यात तक्रार, तिची प्रत घेऊन स्वतःच्या दूतावासाकडून नवा पासपोर्ट किंवा प्रवासाचा दाखला, मग ई-एफआरआरओवर पुढचा अर्ज.

शिक्षण संपल्यावर पदवी साक्षांकित करून घ्यायला वेळ लागतो. आधी राज्य शासनाकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून, आणि देश अपोस्टिल करारात (एकमेकांचे साक्षांकित कागद मान्य करणाऱ्या देशांच्या करारात) नसेल तर शेवटी त्या देशाच्या दूतावासाकडून. पदवी प्रमाणपत्र हाती यायच्या आधीच परत जायचं असेल, तर इथल्या विश्वासू माणसाच्या नावाने अधिकारपत्र, स्वतःच्या पासपोर्टची सही केलेली प्रत आणि पदवी अर्जाच्या शुल्काची पावती मागे ठेवून जावं.