एफएमजीईचा अर्ज भरताय? अभ्यासाच्या आधी कागदं जमवा

परदेशातून एमबीबीएस करून आलेल्या पोराला गावाकडे पहिला प्रश्न हाच असतो की आता दवाखाना कधी टाकणार, आणि घरच्यांना समजावता समजावता नाकी नऊ येतात की बाबांनो नुसत्या डिग्रीवर इथे साधी क्रोसिनसुद्धा लिहून देता येत नाही, आधी एफएमजीई नावाची परीक्षा पास व्हावी लागते. मी रशियातून शिकून आले, परीक्षा दिली, आता रजिस्ट्रेशन घेऊन काम करतेय. दर सेशनला ज्युनियर पोरांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे तेच तेच फोन येतात म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते.

ही परीक्षा एनबीईएमएस नावाची दिल्लीची सरकारी संस्था घेते, तीच जी एमडी-एमएसच्या प्रवेशाची नीट पीजी घेते. २००२ पासून सुरू आहे, वर्षातून दोनदा असते, साधारण जून आणि डिसेंबरचं सेशन म्हणतात पण तारीख पुढेमागे होते. २०१९ च्या एनएमसी (डॉक्टरकीचं शिक्षण आणि नोंदणी बघणारा राष्ट्रीय आयोग) कायद्यात हिच्या जागी नेक्स्ट नावाची परीक्षा येणार असं लिहिलंय आणि त्यामुळे दरवर्षी अफवा उठते की एफएमजीई बंद झाली. त्या नादात अभ्यास थांबवू नका, नेक्स्ट लागू होईपर्यंत हीच द्यायची आहे.

कोण बसू शकतं? भारतीय नागरिक किंवा ओसीआय कार्डवाले, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेले भारतीय वंशाचे लोक. तुमची डिग्री त्या देशात डॉक्टर म्हणून नोंदणीला चालणारी पाहिजे, आणि फायनलचा रिझल्ट बुलेटिनमध्ये (त्या सेशनच्या माहितीपुस्तिकेत) दिलेल्या कट-ऑफ तारखेच्या आत लागलेला पाहिजे. "रिझल्ट पुढच्या आठवड्यात आहे, चालेल का" असं विचारतात, नाही चालत, पुढच्या सेशनला भरा. २०१८ पासून बाहेर अ‍ॅडमिशन घेणाऱ्यांना नीट यूजी क्वालिफाय असणं सक्तीचं आहे आणि तो स्कोअर तीन वर्षं बाहेरच्या अ‍ॅडमिशनसाठी चालतो. त्याआधी गेलेल्यांना जुन्या एमसीआयचं, म्हणजे एनएमसीच्या आधीच्या कौन्सिलचं, एलिजिबिलिटी सर्टिफिकेट लागतं.

१८ नोव्हेंबर २०२१ नंतर ज्यांनी अ‍ॅडमिशन घेतलं त्यांना नवीन नियम लागतात आणि हे अ‍ॅडमिशन घ्यायच्या आधीच बघायचं असतं, नंतर बघून उपयोग नाही. कोर्स कमीत कमी ५४ महिन्यांचा, एकाच कॉलेजमधून, इंग्रजी माध्यमातून. त्याच संस्थेत वर १२ महिन्यांची इंटर्नशिप. तिथल्या स्थानिक माणसाला प्रॅक्टिसचं लायसन्स मिळतं तशी तुमचीही तिथे नोंदणी होऊ शकली पाहिजे. शिवाय जॉईन झाल्यापासून १० वर्षांच्या आत सगळं आटपायचं. एजंट लोक अ‍ॅडमिशनच्या वेळी "सगळं एनएमसी अप्रूव्ह्ड आहे" म्हणतात, तेव्हा या चार गोष्टी एकेक करून विचारा आणि उत्तर युनिव्हर्सिटीकडून लेखी घ्या, एजंटकडून नाही.

आता कागदं. इथेच जास्त लोक अडकतात आणि इथेच माझं पहिलं सेशन गेलं. मी डिग्री घेतली, बॅग भरली आणि विमानात बसले, अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा त्या देशाच्या सरकारचा शिक्का, करायचं राहिलंय हे इकडे आल्यावर फॉर्म भरताना कळलं, मग तिथे राहिलेल्या रूममेटला कुरिअरने डिग्री परत पाठवली, तिच्या नावाने अधिकारपत्र केलं, आणि हे सगळं होईपर्यंत तारीख निघून गेली. सहा महिने. म्हणून हात जोडून सांगते, परत यायच्या आधी तिथेच बसून फाईल पूर्ण करा.

डिग्रीचं सर्टिफिकेट हवं किंवा फायनल पास झाल्याचं प्रोव्हिजनल. त्यावर त्या देशाच्या सरकारचं अपोस्टिल किंवा तिथल्या आपल्या भारतीय एम्बसीचं अटेस्टेशन. नोटरीचा शिक्का म्हणजे अपोस्टिल नव्हे, हा घोळ खूप जण करतात. कागद रशियन किंवा तिथल्या दुसऱ्या भाषेत असेल तर इंग्रजी भाषांतर, तेही अधिकृत. सगळ्या वर्षांची ट्रान्स्क्रिप्ट घ्या, इंटर्नशिप तिथे केली असेल तर त्याचं पत्र घ्या. नीटचं स्कोअरकार्ड किंवा एलिजिबिलिटी सर्टिफिकेट, आणि नागरिकत्वासाठी पासपोर्ट. पासपोर्ट शिकताना रिन्यू केला असेल तर जुना फेकू नका, व्हिसा आणि येण्याजाण्याचे शिक्के त्यातच असतात आणि पुढे रजिस्ट्रेशनच्या वेळी मेडिकल कौन्सिलमध्ये तेच मागतात.

नावाचं प्रकरण वेगळं लिहिते कारण आपल्या महाराष्ट्रातल्या मुलांना ते जास्त छळतं. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आपलं आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. तिकडे युनिव्हर्सिटीवाले पासपोर्ट बघून नाव रशियन लिपीत लिहितात, तिथे आपल्या 'ह'साठी अक्षरच नाही, कोणी 'ख'चं अक्षर वापरतं कोणी 'ग'चं, आणि मग भाषांतरकार ते परत इंग्रजीत आणतो तेव्हा महेशचा कधी माखेश होतो कधी मागेश. ज्ञानेश्वर नावाच्या मुलाचं काय होत असेल विचार करा, आपण मराठीत डी-एन-वाय लिहितो, बाकीचे जी-वाय लिहितात. डिग्री छापायच्या आधी डीनच्या ऑफिसमध्ये नावाचा ड्राफ्ट बघायला मागा आणि पासपोर्टशी एकेक अक्षर जुळवा. छापून झाल्यावर बदलायला महिने लागतात. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्रातली नोंद जवळ ठेवावी, नाहीतर परीक्षेपर्यंत जुन्याच नावाने सगळं चालू ठेवावं, मी तर जुन्या नावाचाच सल्ला देईन.

फॉर्म ऑनलाईन भरायचा, एनबीईएमएसच्या साइटवर. आधी त्या सेशनचं बुलेटिन पूर्ण वाचा, एक संध्याकाळ जाते पण वाचा. फी गेल्या काही सेशनला जीएसटी धरून ६१९५ रुपये होती. फोटो, सही, अंगठा हे सांगितलेल्या मापात अपलोड करायचं, मोबाईलवर काढलेला सेल्फी चालत नाही. कागदात त्रुटी असेल तर ते यादी लावतात आणि दुरुस्तीसाठी ठराविक दिवस देतात, त्या दिवसांत रोज लॉगिन करा, ईमेलची वाट बघत बसू नका. परीक्षेचं शहर पण लवकर भरलं तर जवळचं मिळायची शक्यता जास्त, शेवटच्या दिवशी भरणारी पोरं मग परराज्यात जाऊन देतात.

पेपर ३०० प्रश्नांचा, कॉम्प्युटरवर, दोन भागात १५०-१५०, प्रत्येकाला अडीच तास, सकाळी एक आणि दुपारी एक. ३०० पैकी १५० मिळाले की पास, १४९ म्हणजे नापास, ग्रेस नाही, रिचेकिंग नाही. निगेटिव्ह मार्किंग पण नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे स्वतःवर अन्याय आहे. कितीही वेळा देता येते. पास होणाऱ्यांचं प्रमाण बऱ्याचदा पाचात एक असं राहतं, त्यामुळे पहिल्या वेळी नाही झालं तर पोराला घरी टोमणे मारू नका ही आईवडिलांना विनंती.

अभ्यासाबद्दल थोडंच सांगते. १०० प्रश्न प्री आणि पॅराक्लिनिकलचे, म्हणजे आधीच्या मूलभूत विषयांचे, २०० क्लिनिकलचे, म्हणजे मुख्यतः प्रत्यक्ष रुग्णांशी संबंधित विषयांचे. मेडिसिन ३३, सर्जरी ३२, गायनॅक ३० आणि कम्युनिटी मेडिसिन ३०. बालरोग, डोळे आणि ईएनटी प्रत्येकी १५, म्हणजे हे तीन छोटे म्हणून सोडले तर ४५ मार्क गेले. अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री प्रत्येकी १७, पॅथॉलॉजी, मायक्रो, फार्मा प्रत्येकी १३, फॉरेन्सिक १०. आपण बाहेर शिकलेले सगळ्यात कच्चे असतो ते कम्युनिटी मेडिसिन आणि फॉरेन्सिकमध्ये, कारण आपला लसीकरणाचा तक्ता, क्षयरोगाचा राष्ट्रीय कार्यक्रम, आशाताई आणि उपकेंद्र यातलं काही तिकडे शिकवतच नाहीत, नाग-मण्यार-घोणस यांच्या विषातला फरकही नाही. हे दोन्ही मिळून ४० मार्क आहेत आणि तीन-चार आठवड्यांत होण्यासारखे आहेत, मी दुसऱ्या वेळी इथूनच सुरुवात केली आणि त्यातच तरले. फॉरेन्सिकची जुनी पुस्तकं वापरत असाल तर लक्षात ठेवा की १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आलीय, कलमांचे नंबर बदललेत.

सेंटरवर अ‍ॅडमिट कार्डवर फोटो चिकटवून न्या, ओरिजिनल ओळखपत्र न्या, अंगठी-कानातलं-घड्याळ घरी ठेवा. मंगळसूत्रावरून गेटवर वाद घालण्यात कुणाकुणाची पहिली पंधरा मिनिटं जातात. प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत अशी सही तुम्ही केलेली असते, तेव्हा बाहेर आल्यावर ग्रुपवर प्रश्न टाकू नका.

पास झाल्यावर पास सर्टिफिकेट घ्यायला दिल्लीला द्वारकेच्या ऑफिसात स्वतः जावं लागतं, तिथे ओरिजिनल कागद तपासतात. ती फाईल ट्रेनमध्ये बॅगेत खाली टाकू नका, हातात ठेवा. मग आपल्याकडे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, मुंबई, तिथे प्रोव्हिजनल रजिस्ट्रेशन, आणि मग १२ महिन्यांची रोटेटिंग, म्हणजे वेगवेगळ्या विभागांत फिरून करायची, इंटर्नशिप. युक्रेन युद्ध आणि कोविडमुळे ज्यांचं शिक्षण ऑनलाईन झालं त्यांच्यातल्या काहींना एनएमसीने जास्त मुदतीची इंटर्नशिप लावलीय, तुमच्या बॅचला कुठलं परिपत्रक लागतं ते कौन्सिलमध्ये जाऊन विचारा. इंटर्नशिपसाठी परदेशी पदवीधरांकडून कॉलेजने फी घ्यायची नाही असं एनएमसीने स्पष्ट सांगितलंय, तरी कुठे मागितली तर लेखी मागा, बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो. इंटर्नशिप पूर्ण झाली की कायमचं रजिस्ट्रेशन, ते आपल्या कौन्सिलकडे दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं आणि त्यासाठी क्रेडिट पॉइंट लागतात, ते डॉक्टरांसाठीच्या सीएमई नावाच्या शैक्षणिक कार्यक्रमांना हजर राहून मिळतात, म्हणजे पहिल्या सीएमईचं सर्टिफिकेटसुद्धा त्याच फाईलमध्ये लावायचं.