मद्य, कॅल्शियम चॅनल आणि चेतापेशींचा टॉलरन्स

विषय आहे मद्यातल्या इथेनॉलमुळे चेतापेशींच्या कॅल्शियम चॅनलमध्ये (पेशीच्या पडद्यातल्या, कॅल्शियम आत सोडणाऱ्या दारांमध्ये) होणारे बदल आणि त्यातून येणारा टॉलरन्स, म्हणजे तेवढीच दारू पिऊन पूर्वीइतकी न चढणं. लिव्हर दारू जास्त वेगाने जाळायला लागतं तो टॉलरन्स वेगळा, इथे फक्त चेतापेशीचा विचार आहे. रक्तात दारू तेवढीच असूनही परिणाम कमी दिसतो ही गोष्ट एडवर्ड मेलनबीने 1919 मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांत नोंदवली होती, पातळी चढत असताना झोकांड्या जास्त आणि उतरताना त्याच पातळीला कमी, म्हणजे काही तासांतसुद्धा मेंदू जुळवून घेतो.

पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा साधारण 10,000 पट असतं. विद्युत संदेश आला की चॅनल उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि टोकाला साठवलेलं रसायन पुढच्या पेशीकडे सुटतं. एल, एन, पी/क्यू, आर आणि टी असे या चॅनलचे प्रकार आहेत, दारूच्या बाबतीत सगळ्यात जास्त काम एल प्रकारावर झालंय. इथेनॉल या चॅनलमधून जाणारा प्रवाह कमी करतं, आणि पिट्यूटरी या मेंदूखालच्या ग्रंथीच्या मागच्या भागातल्या चेताटोकांमध्ये हा परिणाम बऱ्यापैकी कमी पातळीलाही दिसतो. तिथून सुटणारं व्हॅसोप्रेसिन, म्हणजे लघवी आटोक्यात ठेवणारं हार्मोन, घटतं म्हणून प्यायल्यावर लघवीला सारखं जावं लागतं, त्यामागे हेही एक कारण धरतात.

इथेनॉल नेमकं कुठे पकड घेतं यावर जुना वाद आहे. मेयर (1899) आणि ओव्हर्टन (1901) यांना दिसलं की जो पदार्थ तेलात जास्त विरघळतो तो जास्त गुंगी आणतो, त्यावरून पुढची कित्येक दशकं असंच मानलं गेलं की दारू पेशीच्या चरबीच्या पडद्याला सैल करते आणि त्यात बसलेले चॅनल आपोआप बिघडतात. अडचण अशी की माणूस झिंगतो त्या पातळीला पडद्यात होणारा बदल फारच किरकोळ असतो, शरीराचं तापमान थोडं वाढलं तरी साधारण तेवढा होतो आणि तापाने कुणी झिंगत नाही. फ्रँक्स आणि लीब यांनी 1984 मध्ये चरबी अजिबात नसलेल्या शुद्ध प्रोटीनवरही भूल देणारे पदार्थ काम करतात असं दाखवलं, तेव्हापासून कल थेट प्रोटीनकडे झुकला, आणि तो जास्त पटण्यासारखा आहे. मात्र कॅल्शियम चॅनलवर इथेनॉल बसण्याची एकच ठरलेली जागा आहे असं छातीठोक म्हणता येत नाही.

संपर्क लांबला की उलटं घडतं. 1980 च्या दशकाच्या मध्यात मेसिंग आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या ॲड्रिनल ट्यूमरपासून बनवलेल्या पीसी12 पेशी काही दिवस इथेनॉलमध्ये ठेवल्या. सुरुवातीला कॅल्शियम आत येणं घटलं, पण नंतर दारू काढल्यावर ते नेहमीपेक्षा जास्त यायला लागलं, आणि एल चॅनलला चिकटणाऱ्या डायहायड्रोपिरिडिन औषधांच्या जागाही वाढलेल्या निघाल्या. नळाची धार बारीक झाली म्हणून जादा नळ बसवावेत आणि मग एकदम पूर्ण दाबाने पाणी यावं, तसंच हे. या वाढीमागे प्रोटीन कायनेज सी या एन्झाइमचा डेल्टा प्रकार लागतो असं पुढे दिसलं. इथे मात्र जपून वाचायला हवं, कारण अशा प्रयोगांत इथेनॉल 200 मिलिमोलरपर्यंत (मिलिमोलर हे द्रावणातल्या प्रमाणाचं एकक) वापरलं गेलं आणि रक्तातले 0.08 टक्के म्हणजे जेमतेम 17 मिलिमोलर.

हे बदल टॉलरन्सचं कारण की विड्रॉवलचं, म्हणजे दारू बंद केल्यावर होणाऱ्या त्रासाचं, यावर मतं सारखी नाहीत. लिटल आणि डोलिन यांच्या कामात निट्रेन्डिपिन या एल चॅनल ब्लॉकरने (चॅनल अडवणाऱ्या औषधाने) उंदरांचे विड्रॉवलचे झटके रोखले, आणि दारूसोबत सतत दिल्यावर टॉलरन्सही येऊ दिला नाही. म्हणून दोन्हींचा धागा एकच असावा असं वाटतं, पण टॉलरन्स एकट्या कॅल्शियम चॅनलवर ढकलणं योग्य नाही, चेतापेशींवर रासायनिक संदेश घेणारे एनएमडीए आणि गाबा-ए रिसेप्टरही बदलतात, आणि कॅल्शियमने उघडणारे बीके पोटॅशियम चॅनल तर या विषयात फार महत्त्वाचे आहेत. सी. एलिगन्स कृमीत या चॅनलचा जीन बिघडवला की दारूचा परिणामच खूप कमी होतो, हे 2003 मध्ये दाखवलं गेलं.

एन चॅनल नसलेले उंदीर आपणहून कमी दारू पितात. टी चॅनलचा संबंध मेंदूतल्या थॅलॅमस या भागाशी आणि झोपेच्या लयीशी जोडला जातो. पी/क्यू आणि आरबद्दलचं काम त्यामानाने तुटपुंजं आहे.

माणसात दारू अचानक बंद केल्यावर फिट साधारण 6 ते 48 तासांत येतात, म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांशिवाय एकदम सोडणं जिवावर बेतू शकतं. उपचारात बेंझोडायझेपिन ही मेंदू शांत करणारी औषधंच पहिली राहिली, एल चॅनल ब्लॉकर प्राण्यांत चालले तरी दवाखान्यात ती जागा घेऊ शकले नाहीत. कॅल्शियम चॅनलच्या अल्फा-2-डेल्टा या जोडभागाला चिकटणारं गॅबापेंटिन मात्र पिणं कमी करण्यासाठी काही डॉक्टर वापरतात.