नवा सुपरवायझर, जुने कारागीर: कडक वागू की मवाळ?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, इलेक्ट्रिक पॅनेल बांधणारे छोटे-मध्यम कारखाने पुष्कळ आहेत. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांतली मुलं डिप्लोमा करून अशा ठिकाणी लागतात आणि काही वर्षांनी कुणीतरी त्यांना सांगतं, "उद्यापासून ही लाइन तू बघ." तेव्हापासून एक प्रश्न मागे लागतो: कडक वागू की मवाळ?

असं विचारलं की उत्तर आपण स्वभावात शोधू लागतो. एक साहेब तापट, दुसरा देवमाणूस, आणि आपण त्या दोघांच्या मधे कुठेतरी. मानसशास्त्रातलं संशोधन मात्र वेगळीकडे बोट दाखवतं. समोर कोण आहे आणि त्याच्या हातात कोणतं काम आहे, हे आधी बघा. आवाज किती चढवायचा हा प्रश्न त्यानंतरचा.

समजा, एका पॅनेलच्या वायरिंगवर दोघं आहेत. एक आयटीआयमधून नुकताच आलेला अप्रेंटिस, दुसरे वीस वर्षं वायरिंग करणारे काका. सुपरवायझर दोघांनाही सारखंच समजावतो: कुठल्या वायरला कुठलं फेरूल (नंबराची खूण), लग (वायरच्या टोकाचा धातूचा तुकडा) कसा क्रिंप करायचा, म्हणजे दाबून बसवायचा, टर्मिनल कोणत्या क्रमाने जोडायची. मुलाचं काम सुधारतं. काकांचं मात्र मंदावतं, वर ते चिडतात. आपण लगेच म्हणतो की म्हाताऱ्याला अहंकार आहे. अहंकार असेलही, पण त्या मंदावण्यामागे मेंदूच्या कामाची रीतही आहे.

एखादं काम करताना आपण जे मनात धरून ठेवतो त्याची जागा फार थोडी असते. नेल्सन कोवन या मानसशास्त्रज्ञाने २००१ मध्ये पुराव्यांची छाननी करून हा आकडा साधारण ४ गोष्टींवर आणला. नवशिक्यासाठी वायरचा नंबर, तिचा रंग, ड्रॉइंगवरची खूण, स्क्रू किती आवळायचा ही प्रत्येक बाब सुटी असते. एवढ्यातच त्याची जागा भरते. कुणी जवळ उभं राहून पुढची पायरी सांगितली तर त्याचा भार हलका होतो. काकांच्या डोक्यात हेच सगळं वर्षानुवर्षांच्या सरावाने एका गाठोड्यात बांधलेलं असतं, "मोटर स्टार्टरचं सर्किट" या एका नावाखाली. त्यांना सुटी सूचना दिली की ती ऐकावी लागते, आपल्या माहितीशी ताडून बघावी लागते आणि मग बाजूला ठेवावी लागते. म्हणजे मदतीचंच ओझं होतं.

याचा पुरावा योगायोगाने वायरिंगच्याच क्षेत्रातून आला. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात स्लावा काल्युगा, पॉल चँडलर आणि जॉन स्वेलर यांनी इलेक्ट्रिकल कामाच्या प्रशिक्षणार्थींना सर्किटच्या आकृत्या देऊन अभ्यास केला. तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. आकृतीतच लिहिलेलं स्पष्टीकरण नवख्यांना उपयोगी पडलं. तीच मंडळी सरावली तेव्हा नुसती आकृती जास्त चांगली ठरली आणि स्पष्टीकरण आड येऊ लागलं. २००३ मध्ये या परिणामाला 'एक्स्पर्टीज रिव्हर्सल इफेक्ट' (जाणकारी वाढली की मदतच उलटते) हे नाव मिळालं. हे प्रयोग शिकवण्याबद्दलचे होते, साहेबगिरीबद्दलचे नव्हते, हे खरं. पण सुपरवायझरच्या दिवसाचा मोठा भाग सांगण्यात आणि समजावण्यातच जातो, त्यामुळे मला हा दुवा भक्कम वाटतो.

नेतृत्वावरचं थेट संशोधनही याच दिशेने जातं. गंभीर अपघातातले रुग्ण जिथे आणतात तिथे काम करणाऱ्या अमेरिकेतल्या ट्रॉमा टीमचा अभ्यास युन, फराज आणि सिम्स यांनी २००५ मध्ये मांडला. रुग्णाची अवस्था फार वाईट असेल किंवा टीम नवखी असेल, तर थेट हुकूम देणारा प्रमुख जास्त परिणामकारक ठरला. टीम अनुभवी आणि रुग्ण त्या मानाने स्थिर असेल, तर मोकळीक देणारा प्रमुख चांगला ठरला आणि टीमला शिकायलाही मिळालं. पुढच्याच वर्षी कॅथरीन क्लाइन आणि सहकाऱ्यांनी अशाच एका केंद्राचं बारकाईने निरीक्षण प्रसिद्ध केलं. तिथले ज्येष्ठ डॉक्टर सूत्रं शिकाऊ डॉक्टरच्या हाती देत, रुग्ण बिघडला की काढून घेत, सावरला की पुन्हा देत. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते की सूत्रं अशी फिरतात हे तिथे सगळ्यांना आधीपासून माहीत असतं. म्हणून काढून घेतल्यावर कुणाचा पाणउतारा होत नाही.

आपल्या कारखान्यांत नेमकं हेच राहून जातं. साहेब सोमवारी म्हणतात, "तुमचं तुम्ही बघा," आणि गुरुवारी डिस्पॅचची घाई झाली की प्रत्येक वायरपाशी येऊन उभे राहतात. पद्धत बदलण्याचं कारण योग्य असतं, पण ते कुणी बोलत नाही, म्हणून लोकांना तो मूड वाटतो. एक वाक्य पुरतं: "आज टेस्टिंगला ग्राहकाचा इंजिनिअर येतोय, तेवढ्यापुरतं मी सांगतो तसं करू या, उद्यापासून पुन्हा तुमचं तुम्ही."

परिस्थितीनुसार पद्धत बदलावी ही कल्पना नवी नाही. पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी १९६९ मध्ये ती मांडली आणि ती जगभरच्या ट्रेनिंगमध्ये शिरली. तिची तपासणी मात्र तितकीशी झाली नाही. रॉबर्ट वेकिओ यांनी १९८७ मध्ये अमेरिकेतल्या शाळांत ती तपासली, तेव्हा नव्याने लागलेल्या शिक्षकांच्या बाबतीत ती सर्वांत चांगली जुळली. अनुभवींच्या बाबतीत आधार कमजोर निघाला. नेतृत्वाचे अभ्यासक फ्रेड फिडलर तर म्हणत की माणसाची पद्धत सहज बदलत नाही, त्यापेक्षा कामाची मांडणी बदला. फिडलरांशी मी अर्धाच सहमत आहे. स्वभाव बदलत नसेल, वागणं शिकता येतं. कॅनडातल्या एका बँकेत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २० शाखा व्यवस्थापकांपैकी काहींना नेतृत्वाचं प्रशिक्षण दिलं गेलं, आणि त्यांच्या वागण्यातला फरक हाताखालच्या लोकांना जाणवला.

आपल्याकडचं काम या चर्चेत क्वचित येतं, याची मला खंत आहे. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय बल्लभ प्रसाद सिन्हा यांनी १९८० मध्ये भारतीय कामाच्या ठिकाणांसाठी एक प्रारूप मांडलं. त्यांचं निरीक्षण असं की इथे साहेबाकडे घरातल्या वडीलधाऱ्यासारखं बघितलं जातं. अशा वेळी पहिल्याच दिवशी "सगळे मिळून ठरवू" म्हटलं तर लोक गोंधळतात. म्हणून आधी जिव्हाळा आणि कामाची शिस्त दोन्ही एकत्र; काम नीट होईल तसा जिव्हाळा वाढवायचा; आणि आत्मविश्वास आला की निर्णय हळूहळू त्यांच्यावर सोपवायचे. बडोद्यात, जिथे शॉप फ्लोअरवर कुणी काका असतं, कुणी किरीटभाई, हे वर्णन फार ओळखीचं वाटतं. धोका एवढाच की शेवटची पायरी राहून जाते. जिव्हाळा टिकतो, सोपवणं होत नाही, आणि चाळिशीतला माणूसही एक लग बदलायला साहेबांची वाट बघतो.

आणखी एक गोष्ट नव्या सुपरवायझरच्या हातून सुटते. माणूस सरसकट अनुभवी नसतो, तो त्या त्या कामापुरता अनुभवी असतो. वायरिंगमध्ये मुरलेले काका पीएलसीचं (यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकाचं) सॉफ्टवेअर उघडलं की नवखे असतात, आणि तिथे कदाचित तो अप्रेंटिसच पुढे असतो. आता त्यांना पायरी-पायरीने सांगणारं कुणी हवं असतं, आणि मोकळं सोडणं म्हणजे त्यांना वाऱ्यावर सोडणं होतं. सगळ्यांसमोर विचारलं तर ते "येतं मला" म्हणणार. शिफ्ट सुरू होण्याआधी बाजूला घेऊन विचारावं, "काका, यावर आधी काम केलंय, की पहिल्यापासून बघू या?"