दोरीचा पीळ मोजणारा मीटर

खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ पासूनचं. नदीचा वेग मोजणाऱ्या फिरक्या खरं बोलतात की खोटं, हे तिथे तपासतात. पद्धत गमतीची आहे. हौदातलं पाणी स्थिर ठेवायचं आणि फिरकी ट्रॉलीला लटकवून ठरावीक वेगाने ओढत न्यायची. पाणी धावलं काय नि फिरकी धावली काय, पात्यांच्या लेखी दोन्ही सारखंच.

शिडाच्या बोटीमागे दोरीने ओढायचा ‘लॉग’ हा अंतर मोजणारा मीटर याच तत्त्वावर चालतो. जीपीएस नसेल तर खलाशाला दोन गोष्टी लागतात: होकायंत्राने दिशा आणि लॉगने कापलेलं अंतर. त्यावरून नकाशावर अंदाजी ठिकाण मांडत जायचं. त्याआधीचे खलाशी गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडत आणि २८ सेकंदांच्या वाळूच्या घड्याळात किती गाठी सुटल्या ते मोजत. पण तो त्या क्षणाचा वेग झाला. मधल्या तासाभरात वारा पडला तर हिशेब चुकला. १८०२ मध्ये एडवर्ड मॅसी या इंग्रज कारागिराने ओढत्या फिरकीच्या लॉगचं पेटंट घेतलं. फिरकीच्या पात्यांना तिरका कोन असतो, त्यामुळे एका फेऱ्यात ती जवळजवळ ठरावीकच अंतर पुढे सरकते, बोट सावकाश असो की वेगात. फेरे मोजले की अंतर मिळालं. घड्याळाची गरजच नाही.

मॅसीच्या लॉगमध्ये आकडे पाण्यातच फिरत. वाचायचे तर सगळं वर ओढून घ्यावं लागे. पुढे वॉकर कंपनीच्या लॉगमध्ये तबकडी बोटीच्या पिछाडीला, कठड्यावर आली. फिरकीचे फेरे तिथवर पोचवते ती दोरीच. विणलेली दोरी पीळ घेत घेत अख्खी फिरते आणि तबकडीमागची दातेरी चाकं फिरवते. मला यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट हीच वाटते.

लॉग आत घेणं मात्र कटकटीचं. चालत्या बोटीवर दोरी नुसती ओढायला गेलं, तर फिरकी फिरतच राहते आणि पिळाचा गुंता हातात येतो. म्हणून दोरीचं बोटीकडचं टोक तबकडीपासून सोडवतात आणि फिरकी ओढून घेताना ते दुसऱ्या बाजूने पाण्यात सोडत जातात. फिरकी आत आली की मोकळी दोरी बोटीमागे लांब पसरते, पीळ आपोआप सुटतो, मग ती गुंडाळायची. फिरकीला काळा रंग देण्याचीही रीत आहे. चकाकणारी फिरकी मोठ्या माशाला भक्ष्य वाटते आणि तो तोडून नेतो. शेवाळ अडकलं किंवा बोट फारच मंदावली, तर आकडा कमी भरतो.

हे काही फक्त संग्रहालयातलं नाही. २०२२ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत जीपीएसवर मार्ग काढायला मनाई होती. तिथे सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची मोजायचं उपकरण) आणि ओढता लॉग घेऊनच भारतीय खलाशी अभिलाष टॉमी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून दुसरे आले.

तरी लॉग एका बाबतीत आंधळाच. रिक्षाचा मीटर चाकाचे फेरे मोजतो. रस्ताच सरकत असेल तर त्याला काय कळणार? समुद्रात रस्ता खरोखरच सरकतो. कोकण किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे, तर हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो. एक नॉटचा, म्हणजे तासाला १८५२ मीटरचा प्रवाह लॉगला जाणवणारही नाही, पण २४ तासांत बोट सुमारे ४४ किलोमीटर वाहवत गेलेली असेल.

ही चूक भलतीच कामाची निघाली. लॉग आणि होकायंत्राने मांडलेलं ठिकाण एक, सूर्य-ताऱ्यांवरून काढलेलं दुसरं. दोहोंतला फरक म्हणजे, मोजणी नीट असेल तर, मुख्यतः प्रवाह. अमेरिकी नौदलातल्या मॅथ्यू मॉरी यांनी जहाजांच्या जुन्या नोंदवह्या चाळून १८४७ पासून वारे आणि प्रवाहांचे नकाशे छापायला सुरुवात केली.

जीपीएस जमिनीच्या हिशेबाने वेग सांगतं, पाण्याच्या हिशेबाने नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ३०० टनांवरच्या जहाजांवर पाण्यातला वेग मोजणारं यंत्र आजही सक्तीचं आहे. आता ते तळाला बसवलेलं असतं, दोरीवाचून.