ई-टाइप ते इलेक्ट्रिक : वेग नेमका कुठे वाढला?

१९६१च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात जग्वारने ई-टाइप लोकांसमोर आणली. लांबलचक नाक, ३.८ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, कंपनीच्या हिशेबाने २६५ अश्वशक्ती आणि ताशी १५० मैल, म्हणजे २४१ किलोमीटर वेगाचा दावा. त्या काळच्या चाचण्यांत तिने शून्यावरून ताशी ६० मैल (९७ किमी) वेग सुमारे सात सेकंदांत गाठला. तेव्हा हा आकडा ऐकून माणसं थक्क व्हायची.

आज नागपुरात वर्धा रोडच्या सिग्नलवर शेजारी येऊन थांबणारी महिंद्राची बीई ६ घ्या. मागे मुलं, डिकीत सामान, अशी घरगुती वापराची इलेक्ट्रिक गाडी. मोठ्या बॅटरीची बीई ६ शून्य ते शंभर ६.७ सेकंदांत जाते, असं कंपनी सांगते. म्हणजे सिग्नल सुटला की साठ वर्षांपूर्वीची जगातली नावाजलेली स्पोर्ट्स कार हिच्या मागे राहील.

यावरून बहुतेक जण म्हणतात, ‘इंजिनं किती सुधारली!’ ते खरंच आहे, पण माझ्या मते मोठा फरक इंजिनात पडलेला नाही. तो पडला आहे टायर जिथे रस्त्याला टेकतो तिथे, आणि त्या टेकण्यावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेत.

थोडा हिशेब करून पाहू. ड्रायव्हरसह ई-टाइपचं वजन १३०० किलो धरा. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. या वेगाला गाडीतली गतिज ऊर्जा भरते सुमारे ५०० किलोज्यूल. शंभर गाठायला सव्वासात सेकंद लागले असं मानलं, तर सरासरी शक्ती येते ७० किलोवॅटच्या आसपास. आता २६५ अश्वशक्ती म्हणजे जवळपास २०० किलोवॅट. कागदावरच्या शक्तीपैकी जेमतेम एक तृतीयांश गाडी पुढे ढकलायच्या कामी आली! बाकीची गेली कुठे?

थोडी तर मुळात नव्हतीच. त्या काळी इंजिन गाडीबाहेर काढून, सायलेन्सर आणि पंखा वगैरे न जोडता शक्ती मोजायची पद्धत होती, त्यामुळे आकडा फुगायचा. उरलेल्या शक्तीतही मोठी गळती होती. पेट्रोल इंजिन आपली पूर्ण ताकद एका ठरावीक फेऱ्यांवरच देतं. त्याच्या खाली ते अर्धपोटी, आणि वर गेलं की गिअर बदलायची वेळ. सुरुवातीच्या ई-टाइपच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर न खरखरता बसवणारी रचना) नव्हता आणि गिअरबॉक्सही जड हाताचा होता. गिअर बदलताना क्लच दाबलेला असतो तेवढा वेळ चाकांना शक्ती शून्य. इलेक्ट्रिक मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण पीळ (टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर) देते आणि तिला गिअर बदलावेच लागत नाहीत. इथे नव्या गाडीची बाजू उघडच वरचढ आहे.

तरीही नुसती शक्ती देऊन भागत नाही, ती रस्त्याने स्वीकारावी लागते. प्रत्येक टायरचा साधारण तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो. गाडीचा वेग वाढणं, कमी होणं, वळणं, सगळं या चार तुकड्यांच्या घर्षणावर चालतं. घर्षणांक, म्हणजे पकडीचं माप, १ धरला तर गाडीचा वेग जास्तीत जास्त गुरुत्वीय त्वरणाइतक्या, म्हणजे दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद या दराने वाढू शकतो. या हिशेबाने शून्य ते शंभरला किमान २.८ सेकंद लागतात, इंजिन हजार अश्वशक्तीचं असो की पाच हजारांचं. आणि हेसुद्धा चारही चाकं ओढत असतील तर. फक्त मागची दोन ओढत असतील तर गाडीचं जेवढं वजन त्यांच्यावर आहे, तेवढीच पकड कामाला येते.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मला १९८७ची फेरारी एफ४० वाटते. तिचं कोरडं वजन ११०० किलोच्या आसपास, दोन टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारे पंखे) लावलेलं २.९ लिटरचं व्ही८ इंजिन, ४७८ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) शक्ती, शून्य ते शंभर ४.१ सेकंद. तिच्याशेजारी बीवायडी सीलची सगळ्यात ताकदवान आवृत्ती उभी करा. ती आपल्याकडे २०२४पासून विकली जाते. ५३० पीएस, पण वजन जवळपास २२०० किलो. टनामागे शक्ती काढली तर फेरारीची, पेट्रोल-पाणी भरून सुद्धा, साडेतीनशे पीएसच्या वर जाते आणि सीलची अडीचशेच्या आतच राहते. तरी शून्य ते शंभर सील ३.८ सेकंदांत जाते. कमी शक्तीच्या प्रमाणात जास्त चपळाई, हे जमतं कसं? सीलची चारही चाकं ओढतात, आणि एखादं चाक घसरू लागलं की संगणक काही मिलिसेकंदांत त्या मोटरचा पीळ कमी-जास्त करतो. एफ४०मध्ये हे काम ड्रायव्हरच्या उजव्या पायाने करायचं, तेही फक्त मागच्या दोन चाकांवर, टर्बोचा जोर एकाएकी येत असताना. शंभरच्या बऱ्याच पुढे, जिथे पकड पुरून उरते आणि शक्तीच कमी पडू लागते, तिथे हिशेब उलटतो आणि फेरारीचं हलकं अंग कामी येतं.

कमाल वेगाची गोष्ट मात्र अगदी निराळी आहे. तिथे भिंत हवेची असते. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो मोडून काढायला लागणारी शक्ती आठपट. म्हणून कमाल वेग फार सावकाश वाढला. २००५च्या बुगाटी व्हेरॉनने १००१ पीएसवर ताशी ४०७ किलोमीटर गाठले. २०१९मध्ये बुगाटीच्याच शिरॉनच्या एका खास गाडीने १६०० पीएसवर ताशी ४९० गाठले. वेग वाढला वीस टक्के, त्यासाठी शक्ती लागली साठ टक्के जास्त. त्यातच जुन्या सुंदर गाड्यांच्या अंगाखालून-अंगावरून जाणारी हवा त्यांना वर उचलायची. १९६६च्या लॅम्बोर्गिनी मिउराची पेट्रोलची टाकी पुढे होती. टाकी रिकामी होत आली की भरधाव वेगात तिचं नाक हलकं व्हायचं आणि स्टिअरिंग सैल वाटायचं. आजच्या वेगवान गाड्यांचे पंख आणि तळ हवेलाच गाडी खाली दाबायला लावतात.

पण आपल्या रस्त्यांवर ताशी ४०० काय, २०० सुद्धा कुणाच्या उपयोगाचा नाही. आपल्याला खरी गरज थांबण्याची आहे, आणि तिथे साठ वर्षांतला फरक जिवाशी भिडणारा आहे. नागपूरजवळ शिवमडक्याला समृद्धी महामार्ग सुरू होतो. सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा. समजा त्या वेगाने दोन गाड्या शेजारीशेजारी चालल्या आहेत. एक आजची, घर्षणांक १ देणारे टायर आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेली. दुसरी साठच्या दशकातली, त्या काळच्या क्रॉस-प्लाय टायरवरची, घर्षणांक ०.७. दोघींनी एकाच क्षणी ब्रेक दाबले. नवी ५७ मीटरवर थांबते. जुनीला ८१ मीटर लागतात. वरवर पाहता फरक २४ मीटरचा. पण नवी गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथून जाताना जुन्या गाडीचा वेग अजून ताशी ६६ किलोमीटर असतो. समोर उलटलेला ट्रक असेल तर या ६६ने काय होईल, ते सांगायला नको.

आणि हा हिशेब जुन्या गाडीला झुकतं माप देऊन केलेला आहे, कारण तिची चाकं जाम होणार नाहीत असं मी धरलं आहे. एबीएस १९७८मध्ये बॉशने मर्सिडीझच्या एस-क्लासमधून बाजारात आणलं. त्याआधी घाबरून ब्रेक दाबला की चाकं जाम व्हायची आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जायची. डिस्क ब्रेक मात्र ई-टाइपला चारही चाकांना होते. फ्रान्समधली १९५३ची ल मांची २४ तासांची शर्यत जग्वारच्या सी-टाइपने डिस्क ब्रेकच्या जोरावर जिंकली होती, तिथूनच ते आले.

आपल्या उन्हाचाही विचार करायला हवा. २३ मे २०१३ला नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. १५ अंशांच्या तुलनेत अशी हवा दहा टक्के विरळ असते. टर्बो नसलेल्या इंजिनाला तितकाच ऑक्सिजन कमी मिळतो आणि शक्तीही साधारण तितकीच घटते. जुन्या गाडीत हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरला हवा विरळ झाल्याचं कळत नाही, तो पेट्रोल जास्तच सोडतो. शिवाय ज्या जुन्या गाड्यांचा पेट्रोल पंप तापलेल्या इंजिनालाच बसवलेला असतो, त्यांच्या नळीत नवतपाच्या दुपारी पेट्रोलची वाफ धरते आणि गाडी भर चौकात बंद पडते. नव्या गाडीत पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोल दाबाखाली पाठवतो, म्हणून ते नळीत उकळत नाही. इलेक्ट्रिक गाडीही उन्हातून सुटलेली नाही. बॅटरी तापली की संगणक हळूच शक्ती कमी करतो, त्यामुळे पहिल्यांदा मिळालेले ६.७ सेकंद पाठोपाठच्या पाचव्या प्रयत्नात मिळतीलच असं नाही.

एका बाबतीत मी मनापासून जुन्या गाड्यांच्या बाजूने आहे. क्रॉस-प्लाय टायरची पकड कमी, पण ती सुटायच्या आधी टायर बरंच काही सांगतो. स्टिअरिंग हलकं होतं, मागचा भाग सावकाश सरकू लागतो, सावरायला वेळ मिळतो. काटोल रोडकडच्या एखाद्या वळणावर अगदी माफक वेगातही वजन एका बाजूला झुकताना हाताला जाणवतं. आजचा रुंद रेडियल टायर फार उशिरापर्यंत धरून ठेवतो आणि सुटतो तेव्हा वेगही मोठा असतो, सुटणंही एकदम. तिथे मग माणसाच्या आधी संगणकच धावून येतो. घर्षण म्हणजे काय हे शरीराला शिकवायला जुनी गाडी चांगली.

कुणाच्या घरी अशी गाडी जपलेली असेल आणि ती महामार्गावर काढायचा बेत असेल, तर इंजिनाआधी टायर बघा. हवा थंड टायरमध्ये, सकाळीच तपासायची. ३३ पीएसआय भरलेला टायर सिमेंटच्या तापल्या रस्त्यावर ३० अंशांनी गरम झाला की दाब चार-पाच पीएसआयने चढतो. तेवढं धरूनच उत्पादक थंड टायरचा आकडा देतात, त्यामुळे मध्येच थांबून हवा काढू नये. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटतो. रबर तर नुसतं उभ्या गाडीतही म्हातारं होतं, टणक होतं, पकड सोडतं. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले सापडतील, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. चाराऐवजी तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे, नक्षी कितीही खोल दिसली तरी. त्यावर गाडी फाटकाबाहेर काढू नका.